डावीकडे टेकलेला आकडा

१

कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये आकडे उजव्या कडेला टेकून बसतात आणि अक्षरं डाव्या. एवढं लक्षात ठेवलं की माझं निम्मं काम सोपं होतं. दर शुक्रवारी मी तपासणीच्या मशीनमधली फाइल शीटमध्ये घेते आणि आधी डावी कड बघते. तिथे टेकलेला आकडा दिसायलाच आकडा असतो, शीटच्या लेखी तो नुसता मजकूर. त्याची सरासरी निघत नाही, आणि क्रम लावायला गेलं की तो हट्टाने सगळ्यांच्या खाली जाऊन बसतो.

मी कानाच्या दवाखान्यात तंत्रज्ञ आहे. बारा वर्षं झाली. पेशंटला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. आवाज ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, मग बाहेर माझ्या टेबलावर हिरवा दिवा लागतो. आवाज कमी कमी करत न्यायचा आणि दिवा लागायचा थांबला की तो त्याचा आकडा. वीसपर्यंत ठणठणीत कान. चाळीसच्या माणसाशी सगळं दोनदा बोलावं लागतं. सत्तरच्या पुढे ओरडावं लागतं. आकडा मोठा म्हणजे ऐकणं कमी, हे पेशंटच्या नातेवाइकांना समजावताना माझ्या नाकी नऊ येतात, म्हणून इथे आधीच सांगून टाकते.

त्या यादीत माझ्या मुलीचीही ओळ आहे. मुंगी म्हणतो आम्ही तिला, सात वर्षांची आहे. गेल्या वर्षी चाळीस होती. सहा महिन्यांपूर्वी पन्नास. हे सगळं सुरू झालं त्या आठवड्यात साठ. आमच्या डॉक्टर मॅडम गोड बोलून फसवणाऱ्यांतल्या नाहीत. "याच वेगाने गेलं तर दहाव्या वर्षापर्यंत फारसं काही उरणार नाही," त्या म्हणाल्या. "मनाची तयारी ठेव." मी मान हलवली आणि बाहेर येऊन तिचा आकडा स्वतः टाइप केला. लक्ष आकड्यावर नव्हतं, म्हणून साठच्या मागे एक रिकामी जागा पडली. तेवढ्यानेही आकड्याचा मजकूर होतो.

त्या शुक्रवारी क्रम लावल्यावर तळाला दोनच सेल डावीकडे टेकलेले राहिले. वरचा मुंगीचा साठ. खालचा बिननावाच्या ओळीतला वजा दहा.

ही बिननावाची ओळ तीन शुक्रवार येत होती. नावाचा रकाना कोरा, वेळ दुपारी एक वाजून वीस मिनिटं. त्या वेळी आम्ही सगळे डबे उघडून बसलेलो असतो, खोलीला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या जुडग्यात. वजा दहा ही मशीनची शेवटची पायरी. त्याच्या खाली द्यायला मशीनकडे आवाजच नाही. आमचं मशीन जुनं आहे, ते वजाचं चिन्ह आकड्याच्या मागे लावतं, म्हणून तो आकडाही मजकूर होऊन यायचा.

"ताई, मीच जाऊन बसतो हो आत," काउंटरवरचे काका पहिल्यांदा म्हणाले होते. "जेवण झालं की जरा डोळा लागतो."

"तुम्हाला मी खुर्चीवरून हाक मारली तर ऐकू येत नाही, काका. म्हणे वजा दहा!"

मशीनचा दोष असणार असं धरून मी ती ओळ ठेवली. ओळ काढायची तर मॅडमची सही लागते, आणि सहीसाठी कारण लिहावं लागतं.

मी वजाचं चिन्ह पुढे आणलं, साठच्या मागची जागा काढली. दोन्ही आकडे टुणकन उजवीकडे गेले. तेवढ्यात शाळेतून फोन आला. घंटा होऊन वर्ग रिकामा झाला तरी मुंगी बाकावरच बसून होती, पाठमोरी, चित्र रंगवत. तिला कळलंच नव्हतं. शिपाई वर्गाला कुलूप लावून निघाला होता, नशिबाने मागे वळून बघितलं त्याने. बाई सांगतच होत्या. फोन खांद्यात धरून मी पुन्हा क्रम लावला. शीटने काहीतरी विचारलं, मी न वाचता हो म्हटलं, सेव्ह केलं आणि पर्स उचलून पळाले.

२

शनिवारी सकाळी मुंगीने कानातली मशीनं काढून टेबलावर ठेवली.

"घाल ती आधी," मी हातवारे करत म्हटलं.

"टोचतात. आणि खूप मोठ्याने येतं सगळं." मग मान वाकडी करून म्हणाली, "आई, नळ गळतोय."

नळ मोरीतला. मोरी घराच्या दुसऱ्या टोकाला, दार लावलेलं. मी जाऊन पाहिलं. एक थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा थेंब. समोर उभी राहूनही मला तो जेमतेम ऐकू येत होता.

मी परत आले, तिच्याकडे पाठ केली आणि अगदी हळू म्हटलं, "मुंगीला आइस्क्रीम हवंय का?"

"दोन," मागून आवाज आला.

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. मुंगी घाबरली, मग तीही रडली, मग आम्ही दोघी हसायला लागलो. तिचे बाबा जहाजावर असतात, त्यांना फोन लावला तर लागेना. दिवसभर मी तिला घरभर वेगवेगळ्या कोपऱ्यांतून हाका मारत होते. कानात पाणी साचलं असेल आणि ते उतरलं असेल, असं मी स्वतःला सांगत होते. होतं असं कधी कधी मुलांचं, मी पाहिलंय. साठवरून मात्र कोणाचं पाहिलेलं नाही.

३

सोमवारी शाळेच्या आधी तिला खोलीत बसवलं. खोली म्हणजे खोलीतली खोली. जाड दार, भिंतींना राखाडी स्पंज, दुहेरी काचेची खिडकी. आत गेलं की आपलाच श्वास मोठा वाटतो. रोज सकाळी मशीन बरोबर चालतंय का हे बघायला मी स्वतःच आत बसून माझे कान तपासते. माझा आकडा पाच. बारा वर्षांत जागचा हललेला नाही.

मी आवाज कमी करत गेले. चाळीसला दिवा, वीसला दिवा, शून्याला दिवा. वजा दहालाही दिवा लागला. मी आवाज पूर्ण बंद केला आणि काचेतून मुंगीकडे बघत राहिले.

हिरवा दिवा पुन्हा लागला.

मॅडमनी स्वतः परत तपासलं. चष्मा काढला, पुसला, घातला. "आनंद आहे गं," त्या म्हणाल्या, पण चेहरा आनंदाचा नव्हता. "असं होत नाही सहसा. पंधरा दिवस थांबू या. तोपर्यंत कोणाला सांगत सुटू नकोस."

नवा आकडा भरायला मी शीट उघडलं. मुंगीच्या ओळीत तो आधीच भरलेला होता. वजा दहा, शुक्रवारी सेव्ह केलेला. खालच्या बिननावाच्या ओळीत साठ होता.

काय झालं ते कळायला मला मिनिट लागलं. शुक्रवारी दोन सेल निवडलेले असताना मी क्रम लावला होता. अशा वेळी शीट विचारतं की बाकीचे रकाने सोबत हलवायचे की फक्त एवढंच. मी न वाचता "फक्त एवढंच" दाबलं होतं. नावं जागच्या जागी राहिली आणि दोन आकड्यांची अदलाबदल झाली. नवशिक्यांची चूक. ती करणाऱ्या किती मुलींवर मी तोंडसुख घेतलंय!

ती चूक शुक्रवारची होती आणि माझी मुलगी शनिवारी ऐकायला लागली होती. मी म्हटलं, योगायोग. मनात नाही, चक्क मोठ्याने म्हटलं, म्हणून काकांनी मान वर केली. आकडे माणसाच्या मागे चालतात, माणूस आकड्यांच्या मागे चालत नाही, हे मला कळतं. तरीही मी ते दोन आकडे पुन्हा आपापल्या जागी लावले नाहीत. न लावण्याचं कारण मला चांगलं ठाऊक होतं, आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती.

४

आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलला जाणारा शब्द म्हणजे "अं?" मुंगीचा. मी काही म्हणावं, तिने "अं?" म्हणावं, मी तेच चढ्या आवाजात पुन्हा सांगावं. पाच वर्षांची सवय. माझ्या लक्षातही येत नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. मुंगी बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसली होती.

"दूध संपव, गार होतंय."

"अं?"

"दूध संपव म्हटलं, गार होतंय!"

थोड्या वेळाने मुंगी रिकामा पेला घेऊन आली. ओठांवर दुधाची मिशी. पेला ठेवून ती कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत राहिली.

"आई, तू अजून सगळं दोनदा का बोलतेस? मला पहिल्यांदाच ऐकू येतं ना आता."

"तूच 'अं?' म्हणालीस म्हणून बोलले."

"मी नाही म्हणाले."

"मग कोण म्हणालं?"

तिने माझ्या मागे पाहिलं. माझ्या मागे फ्रिज होता, फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये झाडू ठेवण्यापुरती फट. झाडू होता तिथे. बाकी काही नव्हतं.

मी आठवायला लागले. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. दप्तर भर म्हटलं तेव्हा, पाय पूस म्हटलं तेव्हा. किती वेळा मी "अं?" ऐकून पुन्हा बोलले होते? एकदाही वळून तिचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि आताचा तो "अं?" बाहेरच्या खोलीतून आलाच नव्हता. तो इथेच होता, खांद्यामागे.

५

शुक्रवारी मुंगी शाळेत गेली नाही. पांघरूण डोक्यावर घेऊन, त्याच्या आत उशी दोन्ही कानांवर दाबून बसली होती. मी आत तोंड घातलं.

"डोकं दुखतंय?"

"हळू बोल ना. त्याला वाटतं तू त्याच्याशी बोलतेस."

मी कुजबुजत विचारलं, "तुला काय ऐकू येतं नक्की?"

"कोणीतरी ऐकतंय."

"वेडाबाई, ऐकण्याचा कुठे आवाज असतो?"

"असतो. कोणी पाठीमागे येऊन कान लावला ना, की येतो तसा." ती विचार करत होती, जणू गणित समजावून सांगायचं होतं. "आधी ते खूप लांब होतं. त्याला लांबून सगळं ऐकू यायचं. आता येत नाही ना, म्हणून जवळ येतं. मी पण अशीच यायचे तुझ्या तोंडाजवळ."

मी तिला जवळ ओढलं. तिचं अंग गार होतं.

"मुंगी, तुला पहिल्यासारखं झालं तर? मग ते ऐकू यायचं नाही."

ती इतका वेळ रडली नव्हती, आता रडायला लागली. "नको. पहिल्यासारखं नको. तू भांडी घासताना गाणं म्हणतेस, मला माहीतच नव्हतं."

भांडी घासताना मी गुणगुणते, हे मलाही माहीत नव्हतं. मी काहीतरी म्हणाले, होईल सगळं ठीक वगैरे. आणि आमच्या दोघींच्या चेहऱ्यांमध्ये, पांघरुणाच्या आत, कोणीतरी हळूच विचारलं, "अं?"

या वेळी मी पुन्हा बोलले नाही. तोंडावर हात दाबून धरला.

६

मुंगीला शेजारच्या मावशींकडे सोडून मी दवाखान्यात गेले. जेवणाची वेळ होती. मॅडम घरी गेल्या होत्या, काका काउंटरमागे डबा उघडत होते.

"ताई, सुट्टी ना आज? बसा, दोन घास खा."

"एक आकडा चुकलाय काका. पाच मिनिटांचं काम आहे."

मी शीट उघडलं. सगळा रस्ता मी एकच हिशेब करत आले होते. दोन आकडे पूर्ववत केले तर ज्याचं त्याला मिळालं, मुंगीला साठ. नाही केले तर ते घरात, तिच्या पांघरुणात. दोन ओळींचं हे कोडं काही सुटत नव्हतं. पण यादीत तिसरीही एक ओळ होती. रोज सकाळी भरली जाणारी, बारा वर्षं न हललेली, माझी.

हे सगळं माझ्या डोक्यातलं असेल तर तीन सेल बदलल्याने कोणाचं काही बिघडणार नाही, असं मी स्वतःला बजावलं. आणि नसेल तर काय होईल, तेही मला माहीत होतं. मी बारा वर्षं साठच्या लोकांशी बोलत आलेय.

मुंगीच्या ओळीत पाच लिहिला. बिननावाच्या ओळीत वजा दहा. माझ्या ओळीत साठ. तिन्ही उजवीकडे टेकले. कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं, एक वाजून वीस.

टेबलावरचा हिरवा दिवा लागला.

खोलीला कुलूप होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये. मशीन बंद होतं. मी बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. दुहेरी काचेपलीकडे अंधार होता, आमच्या ट्यूबलाइटचा उजेड खुर्चीपुरता आत जात होता. हेडफोन खुर्चीच्या पाठीच्या वर होते. त्यांच्या दोन गाद्या एरवी एकमेकींना चिकटलेल्या असतात, स्प्रिंग जोरदार आहे, पेशंट कुरकुर करतात. आता त्यांच्यात अंतर होतं. डोकं मावेल त्यापेक्षा बरंच जास्त. आणि मी बघत असताना ते हेडफोन सावकाश माझ्या दिशेने वळले, आपल्याविषयी बोलणं निघालं की माणूस वळतो तसे.

मी सेव्ह दाबलं.

आधी पंख्याचा आवाज गेला. मग रस्त्यावरचा. डब्याचं झाकण काकांच्या हातून खाली पडलं, ते फरशीवर गोल गोल फिरलं आणि आवाज न करता आडवं झालं. काका माझ्याकडे बघून काहीतरी बोलत होते, चेहऱ्यावर काळजी होती.

"अं?" मी म्हटलं.

७

मॅडमनी औषधं दिली, इंजेक्शनं दिली, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. एकाएकी कान जाण्याला मोठं नाव आहे, कारण कोणाला ठाऊक नाही. माझ्या जागी तपासणीला आता दुसरी मुलगी आहे. शीट माझ्याकडेच ठेवलंय, त्याला कान लागत नाहीत.

मुंगीचा आकडा पाच आहे. कालही पाच होता. तिला आता घंटा ऐकू येते, आमचा नळ ऐकू येत नाही. ते दुसरं ऐकू येतं का, असं मी एकदाच विचारलं. तिने मान हलवली. नाही. मी तिला एवढं घट्ट धरलं की ती ओरडली असावी. जुनी मशीनं तिच्या कानांची, मला होत नाहीत, म्हणून माझ्यासाठी नवी मागवली आहेत. तोवर ती माझ्या तोंडासमोर येऊन सगळं दोनदा सांगते, न चिडता. माझ्यापेक्षा तिला जास्त धीर आहे. मी गुणगुणते का अजून, ते तिलाच माहीत. मला विचाराल तर मी सुखी आहे, आणि हे मी उगाच म्हणत नाही.

दर शुक्रवारी बिननावाची ओळ येते. वजाचं चिन्ह मागे असतं, ते मी पुढे आणते आणि आकडा त्याचा त्याच्या जागी नीट लावून ठेवते. दुसऱ्या कशाला हात लावत नाही. क्रम लावताना शीट काय विचारतं ते आता दोनदा वाचते.

परवा मंगळवारी मी दुपारी घरी होते. मुंगी शाळेत, दार आतून लावलेलं. मी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. आसपास सगळीकडे कापूस भरल्यासारखी शांतता, तिची मला सवय होत आलीय. एकदम वाटलं, कोणीतरी काही बोललं. बहिऱ्या माणसाला वाटतं असं अधूनमधून, माझे पेशंट सांगायचे. हातातला टॉवेल तसाच ठेवून मी सवयीने म्हणाले, "अं?"

उजव्या कानाशी गरम श्वास लागला. मग अगदी जवळून, मला ऐकू यावं एवढ्या मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, कोणीतरी पुन्हा सांगितलं.

"दूध संपव म्हटलं, गार होतंय."

आवाज माझाच होता. दुसऱ्यांदा सांगावं लागलं की माझा चढतो, तसा चढलेला.

मी वळले नाही. टॉवेलची घडी पुरी केली, कडेला कड जुळवून. घड्याळात दोन वाजले होते, आणि मुंगी शाळेतून यायला अजून तीन तास होते.